तांबडा काळू

ठकूकाकूला त्या पिल्लांतून काय मिळणार, याचा हिशोब मी त्याच सकाळी मनात मांडला आणि तो शून्याच्याही खाली गेला. पिल्लं चार, डोळे मिटलेली. आई गेलेली. काकूच्या घरात शेळी एकच, आणि तिच्या दुधावर दोन म्हाताऱ्यांचा चहा कसाबसा भागायचा. कुत्र्यानं राखावं असं त्या घरात काही उरलं नव्हतं. तरी ही बाई माझ्या गिरणीत, मोटरीमागच्या बारदानावर फतकल मारून बसलेली, आणि एकेक पिल्लू उचलून त्याचे पाय डोळ्यांशी नेत होती.

"काय बघताय, काकू?"

"नखं."

"कापायचीत का त्यांची?"

"इंदे, तू तुझं दळण बघ."

पिल्लं तशी माझ्याच गिरणीची. पांढरी नावाची एक कुत्री आमच्या दारात पडून असायची. तिनं त्या बारदानात बाळंतपण उरकलं आणि दोनच दिवसांनी, पहाटे कालव्याकडे गेली ती परत आली नाही. उसाच्या कडेला ओढत नेल्याची खूण होती. जुन्नरकडच्या आमच्या पट्ट्यात अशी खूण कुणाला वाचून दाखवावी लागत नाही. बिबट्याला आम्ही वाघच म्हणतो, आणि वाघाला कुत्रं म्हणजे पानातला लाडू.

"सापडलं!" काकू एकदम ओरडली. दळणाला आलेल्या बायका डबे टाकून तिच्याभोवती जमल्या. "हे काळं बघा गं. वीसनखी हाय!"

साध्या कुत्र्याला नखं अठरा. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. एखाद्याच्या मागच्या पायांनाही वरच्या अंगाला एकेक जादा नख असतं, तो वीसनखी. असा कुत्रा वाघापुढं शेपूट घालत नाही, असं आमच्याकडे आजोबापणजोबांपासून मानतात. वीसनखीसाठी लोक गावंच्या गावं पालथी घालतात. काळं पिल्लू काकूच्या मुठीत होतं आणि बायका नुसत्या "अगं बाई, अगं बाई" करत होत्या. मी बाजरी ओतत होते. मी काही मोजलं नाही. मनातला हिशोब तेवढा दुरुस्त केला : म्हणजे म्हातारी दिसते तेवढी भोळी नाही.

"काकू, चारही नेताय?"

"एकट्याला ऊब कशी मिळंल? चारही."

"आणि करणार कोण एवढं?"

तिनं पदरानं तोंडावरचं पीठ पुसलं. "माझं माणूस घरात मोकळंच पडलंय की," ती म्हणाली. मग माझ्याजवळ येऊन हळूच, "इंदे, भिंत जिंकायला लागलीय गं."

ते मला समजावून सांगायची गरज नव्हती. तिचा नवरा गेनभाऊ हांडे, आख्खा जन्म शेळ्यांमागं काढलेला माणूस. काचबिंदूनं त्याची नजर गेली. गेली ती आता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. कळप विकावा लागला. तेव्हापासून गेनभाऊ भिंतीकडं तोंड करून निजायचा. आधी दोन भाकरी खायचा, मग एक, मग अर्धी. बोलणं तर भाकरीच्या आधीच सुटलं होतं. दिवाळीनंतर थंडी वाढली तसा तो आणखीच मुडपत गेला. गावातल्या शहाण्यांनी त्याचे दिवस मोजायला घेतले होते.

पिल्लांची पाटी घेऊन मी तिच्याबरोबर गेले. घरात शिरताच काकूनं गावजेवणाचं आवतण द्यावं तसा आवाज लावला.

"अवं, ऐकलं का? वीसनखी मिळालंय! काळं कुळकुळीत!"

भिंतीकडची पाठ हलली नाही.

काकूनं शेळीचं दूध कोमट केलं, कापसाची वात भिजवली, काळं पिल्लू तान्ह्या पोरासारखं मांडीवर उताणं घेतलं आणि वात त्याच्या तोंडात दिली. पिल्लानं दोनदा चोखलं. तिसऱ्यांदा त्याच्या घशात घुर्र झालं आणि नाकातून दुधाचा बुडबुडा आला.

"उताणं धरू नको!"

आम्ही दोघी दचकलो. भिंत बोलावी तसा तो आवाज आला होता.

"पालथं धर. पोट खाली. माणसाचं पोर हाय का ते? दूध फुफ्फुसात जातंय त्याच्या!"

"मला न्हाय जमत," काकू म्हणाली.

"जमत न्हाय म्हणं. आण हिकडं."

गेनभाऊ उठून बसला. हात पुढं केले. काकूनं त्या हातांत पिल्लू ठेवलं आणि पटकन चुलीकडं वळली. धूर होता म्हणून डोळे पुसले असतील. मी त्याचा हिशोब केला नाही.

त्यानं पिल्लाला तळहातावर पालथं घेतलं, बोटानं जबडा चाचपला, वात ओठांना नुसती टेकवली. पिल्लू चुटूचुटू ओढायला लागलं. मग म्हणाला, "कोमट पाण्यात फडकं भिजवून दे."

"ते कशाला?"

"आई चाटती त्यांना. पोटाखालून, शेपटीखालून. चाटल्याबिगर ती मुतत न्हायत. फुगून मरत्याल."

आणि गेनभाऊ हांडेनं, ज्यानं स्वतःच्या तीन पोरांतल्या एकाचंही ढुंगण कधी धुतलं नव्हतं, एकामागून एक चार पिल्लांचं फडक्यानं पुसलं. काकू माझ्याकडं बघून म्हणाली, "चाळीस वर्षं उशिरा का होईना."

"ऐकू येतंय मला," तो म्हणाला. "डोळं गेल्यात. कान हायत."

पण घरात पिल्लं झोपेनात. पोट भरलं तरी कुईकुई. गेनभाऊनं कान लावला, पाटीवर हात फिरवला आणि दुसऱ्या दिवशी काकूला विचारलं, "ही गिरणीत जन्मली न्हवं?"

"व्हय."

"मग त्यांला गिरणी पायजे."

मी दळायला सुरुवात केली होती तेवढ्यात ती वरात दारात उभी. काकूच्या डोक्यावर पाटी, काकूच्या खांद्यावर गेनभाऊचा हात. दिवाळीनंतर त्या माणसानं उंबरा ओलांडला नव्हता. मोटर घुमत होती, पट्टा फटफटत होता. पाटी बारदानावर ठेवली मात्र, चारही पिल्लं एकमेकांवर माना टाकून झोपली. पांढरीच्या पोटात असल्यापासून तोच घुमार ऐकलेला. त्यांच्या लेखी आई म्हणजे ऊब आणि गिरणीचा आवाज.

त्या दिवसांचं मला आता नीटसं काही आठवत नाही, आणि सगळं आठवतं. बाहेर कांद्याच्या वाफ्यांवर धुकं असायचं, आत पिठाचं. छपराच्या फटीतून उन्हाच्या काठ्या आत यायच्या आणि त्यांत पीठ तरंगत राहायचं, खाली यायची घाई नसल्यासारखं. त्या उन्हात गेनभाऊ बसलेला. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, मांडीवरची पिल्लं पांढरी; काळं कुठलं, तांबडं कुठलं, ठिपक्यांची दोन बांडी कुठली, ते मलाही ओळखू येऊ नये. नुकतं दळलेलं पीठ गरम असतं. बायका आपापला डबा घरी न्यायच्या आधी पाटीला टेकवून ठेवायच्या. डबा निवला की दुसरीचा. पाटीभोवती कायम गरम डब्यांचा वेढा. मी म्हटलं, "बायांनो, कुत्र्याच्या उबेचं पीठ नवऱ्याला चालतं का?" तर एकजण म्हणाली, "न विचारता वाढलं की सगळं चालतं."

वीज गेली की गिरणी थांबायची. पट्टा सैल पडायचा आणि त्या शांततेत पिल्लं जागी होऊन डोकी हलवायला लागायची. मग गेनभाऊ ओठ मिटून नाकातून सूर लावायचा. हुबेहूब मोटरीचा घुमार, मधेच पट्ट्याची फट. पिल्लं पुन्हा माना टाकायची. दळणाला आलेल्या बायकाही पेंगायच्या. कितीदा वीज परत यायची आणि कुणाला बटण दाबावंसं वाटायचं नाही.

गेनभाऊ दुपारी तिथंच भाकरी खाऊ लागला. आधी अर्धी. मग एक. काकू पाटीकडं कमी आणि त्याच्या ताटलीकडं जास्त बघायची.

आणि एका सकाळी काळं पिल्लू थंड लागलं.

काकू त्या दिवशी त्याच्याआधी आत आली होती. गेनभाऊ बाहेर बाभळीला हात टेकून दात घासत होता. काकूनं पिल्लू पदराखाली धरून मला दाखवलं. काही करण्यासारखं राहिलं नव्हतं. मी त्याला हातात घेतलं आणि, सवय वाईट, बोटानं नखं मोजली. मागच्या एका पायाला चार. दुसऱ्यालाही चार.

"काकू, हे तर साधंच. अठराच आहेत."

"मला मोजता येतं, इंदे."

बाहेर गेनभाऊ चुळा भरत होता.

"नुसत्या कुत्र्यासाठी उठला नसता तो," ती म्हणाली. "त्याचा बाप सांगायचा त्याला वीसनखीच्या गोष्टी. आता कळलं की वीसनखी गेलं, तर पुन्हा भिंतीकडं तोंड करील. आणि ह्या खेपेला..." तिनं पिल्लू माझ्या हातातून परत घेतलं.

गेनभाऊ चाचपत आत आला. आम्ही दोघी गप्प. आंधळ्या माणसाला गप्प बसण्यातला फरक फार लवकर कळतो.

"काय झालं?"

"एक गेलं," काकू म्हणाली. "तांबडं."

त्यानं हात पुढं केले. काकूनं मेलेलं पिल्लू त्या हातांत दिलं. गेनभाऊनं त्याला तळहातावर पालथं घेतलं, दूध पाजताना घ्यायचा तसंच. अंगठा डोक्यावरून फिरवला, कानावरून, पाठीवरून शेपटीपर्यंत. बराच वेळ घेतला.

"तांबडं व्हय?"

"व्हय."

"म्हंजे काळं हाय."

"हाय की."

"बरं," तो म्हणाला. "आण मग, भूक लागली आसंल त्याला."

काकूनं तांबडं पिल्लू उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं.

मेलेलं पिल्लू त्यानं स्वतः बाभळीखाली पुरलं. खुरप्यानं माती काढली, हातानं सपाट केली. आणि त्या दिवसापासून आमच्या गावात एका तांबड्या कुत्र्याचं नाव काळू पडलं.

गाव सामील करून घेणं सोपं नसतं, पण गिरणी माझी होती. ज्या बाईच्या तोंडून गेनभाऊसमोर 'तांबडं' निघेल तिचं दळण मी जाड काढीन, एवढंच मी सांगितलं. बायका अशा हौसेनं "काळ्या, काळोबा, माझं काळं बोंड" करायला लागल्या की मलाच त्याचा रंग आठवावा लागे.

मग डोळे उघडले. पाजता पाजता गेनभाऊ एकदम थांबला. करंगळीच्या पेरानं त्यानं काळूच्या पापणीला स्पर्श केला.

"उघडलं," तो म्हणाला. "ठके, ह्याचं डोळं उघडलं. काय दिसत आसंल गं ह्याला?"

काकूनं आजूबाजूला बघितलं. हवेत, छपरावर, आम्हा तिघांवर.

"पीठ," ती म्हणाली. "नुसतं पांढरं पांढरं."

"मला दिसतं तसंच मग," गेनभाऊ म्हणाला आणि हसला. त्याला हसताना मी किती काळानं बघत होते! समोरचे दोन दात पडलेत हेही मला तेव्हाच कळलं.

पिल्लं पाटीतून बाहेर सांडायला लागली तशी बातमीही सांडली. एका दुपारी पोपटशेठची गाडी गिरणीसमोर थांबली. शेठचे कोंबड्यांचे मोठे शेड कालव्यापलीकडे होते आणि वाघ त्यांच्याभोवती रोज फेऱ्या मारायचा. शेठ बरोबर एक गाभण शेळी घेऊन आला होता. उस्मानाबादी, चकचकीत, पोट दोन्ही बाजूंना सुटलेलं. मी मनात लगेच भाव केला : दोन करडं नक्की. म्हणजे गेनभाऊच्या दावणीला वर्षात पुन्हा कळपाची सुरुवात.

"राम राम, बाबा. वीसनखी मला द्या. ही शेळी तुमची."

गेनभाऊनं शेळीचा वास घेतला. हात लांबवून तिच्या पाठीचा कणा चाचपला, कास चाचपली. त्याचा चेहरा क्षणभर असा झाला की मी काकूकडं बघायचं टाळलं.

"चांगली हाय," तो म्हणाला.

"मग? कुठंय तुमचं काळं? इथं तर सगळी बांडी, आणि हे एक तांब..."

मी बटण दाबलं. मोटर गर्जली. शेठचं तोंड हलत राहिलं आणि त्यातून काही ऐकू आलं नाही. काकूनं त्याला डोळ्यांनी, हातांनी, शेवटी हात जोडून खुणा केल्या. शेठला कळलं काहीच नाही. त्यानं वाकून काळूची तंगडी धरली, मागची, आणि बोटांनी नखं विंचरायला लागला. चक्कीत दाणा नव्हता, दगडाला दगड घासत होता. मला गिरणी बंद करावी लागली.

त्या शांततेत गेनभाऊ म्हणाला, "शेठ, पाय सोडा."

"बघून घेतो बाबा. माल बघितल्याबिगर..."

"वीसनखीची नखं पुन्हा मोजायची नसत्यात."

"ही कुठली रीत?"

"हांड्यांच्या घरातली. नखं घरधनिणीनं मोजायची, जन्मल्यावर, एकदाच. पुन्हा कुणी मोजली की विसाची अठरा व्हत्यात."

शेठनं पाय सोडला. श्रीमंत माणसाला रीत मोडायची भीती फार. "आणि रंग? काळं म्हणून सांगितलं होतं मला."

"रंग तर इचारूच नये," गेनभाऊ म्हणाला. "रंगबी बदलतो. मोजणारणीनं सांगितला तो रंग खरा."

काकूच्या हातात दुधाची वाटी होती. ती तिनं खाली ठेवली, फार हळू, आवाज होऊ नये म्हणून. ती त्याच्याकडं बघत होती, आणि आपल्याकडं कोण बघतंय हे त्याला दिसत नव्हतं. तो काळूची मान खाजवत बसला होता.

"बांडी घेऊन जा दोन्ही," त्यानं शेठला सांगितलं. "फुकट न्या. शेळी न्या परत. हिला दोन करडं व्हतील, संभाळा."

गाडी गेल्यावर मी काकूला बाजूला घेतलं. "काकू, म्हाताऱ्याला पहिल्यापासून..."

"काय पहिल्यापासून?" ती म्हणाली आणि डबा उचलून चालायला लागली.

ती दोघं त्यावर एकमेकांशी कधी बोलली असतील असं मला वाटत नाही. आता दोघंही नाहीत. पण आमच्या गावात आजही पिल्लू झालं की घरची बाई एकदाच नखं मोजते आणि दुसऱ्या कुणाला मोजू देत नाही. पोरं विचारतात, ही रीत कुठून आली? म्हातारी माणसं सांगतात, फार जुनी आहे.

पिल्लं आली त्याच्या पुढच्या थंडीत गेनभाऊ एका हातात शेळीचं दावं आणि दुसरा हात काळूच्या पाठीवर ठेवून कालव्यापर्यंत जायचा. भिंतीचं नाव नव्हतं. एका सकाळी धुकं इतकं की माझं मलाच दार दिसेना. उसाच्या बाजूनं शेळी ओरडली, मग गेनभाऊ ओरडला, मग असा एक आवाज झाला की मी चालू गिरणी सोडून पळाले.

वाघ शेळीवर आला होता. काळू अठरा नखांचा, साधा, आमच्या दारातल्या पांढरीचा लेक. त्यानं पळायला हवं होतं. पण जन्मापासून त्याला सगळ्यांनी वीसनखी म्हटलेलं, आणि उलटं सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. तो सरळ वाघाच्या तोंडावर गेला. माणसं काठ्या घेऊन पोचेपर्यंत वाघ उसात परतला होता. शेळी उभी होती. गेनभाऊ उभा होता. काळूचा मागचा एक पाय लोंबत होता.

जनावरांच्या डॉक्टरांनी तो पाय काढला, गिरणीतच, त्याच बारदानावर. नंतर काळू कण्हत राहिला तेव्हा मी मोटर चालू केली, दगड वर उचलून, रिकामीच. तो घुमार ऐकत हळूहळू त्याची मान पडली आणि श्वास संथ झाला. छपरातून ऊन आलं होतं. काकू एका बाजूला, गेनभाऊ एका बाजूला, मधे तो तांबडा कुत्रा, आणि वर कालचं पीठ अजून तरंगत होतं.

गेनभाऊनं त्याचा पुढचा पाय हातात घेतला आणि बोटाबोटानं चाचपत मोजायला लागला. पाच. दुसरा पाय. दहा. मग मागचा, उरलेला. चौदा. मग त्याचा हात काढलेल्या पायाच्या जागी बांधलेल्या पट्टीवर आला. तिथं तो थांबला, आणि हात नुसता ठेवून राहिला.

"आणि ही सहा," तो म्हणाला.

"पुरी हायत?" काकूनं विचारलं.

"पुरी वीस."

मी माझा हिशोब तिथंच मिटवला. वीस सांगितली काकूनं, वीस मानली गेनभाऊनं, साक्षीला गाव होतं. जन्माची होती अठरा, उरली चौदा. खोटं आम्ही सगळ्यांनी वाटून घेतलं. भरपाई एकट्यानं केली, ज्याला मोजता येत नव्हतं त्यानं.